आखाजीचं फ्रेंच

पिंप्राळ्याच्या कुंदाबाई झोपे यांना फ्रेंच येत होतं, आणि १९८० सालच्या जळगावात या गोष्टीचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता. एखाद्याच्या हाताला सहावं बोट असावं तसं ते होतं. कळलं की लोक कुतूहलानं बघत, त्रास होतो का विचारत, आणि नाही म्हटलं की केळीच्या भावाकडे वळत.

ते आलं कसं, तेही सांगून टाकलेलं बरं. कुंदाबाईंचं माहेर असोदा. बी.ए. झाल्यावर वडिलांनी त्यांना पुण्याला मावशीकडे धाडलं, पुढे संस्कृत घेऊन शिकायला. नाव नोंदवायला गेल्या आणि चुकीच्या रांगेत उभ्या राहिल्या. दोन तास उन्हात तापून खिडकीशी पोचल्यावर कारकून म्हणाला, ही फ्रेंचच्या पदविकेची रांग आहे, संस्कृत पलीकडे. पलीकडची रांग फाटकाबाहेर गेली होती. परत उभं राहणं कुंदाबाईंच्या स्वभावात नव्हतं. "असू दे, हेच द्या," त्या म्हणाल्या. दोन वर्षांनी पहिल्या वर्गात पदविका घेऊन त्या असोद्याला परतल्या, तोवर वडिलांना वाटत होतं, मुलगी कालिदास वाचतेय.

मग लग्न झालं. नवरा सुपडू झोपे, एस.टी.च्या डेपोत नोकरीला, शांत माणूस. पुढची वीस वर्षं कुंदाबाईंनी सासू, दोन नणंदा, एक आजारी दीर आणि तीन मुलं यांचं केलं. कुकरच्या शिट्ट्या त्या फ्रेंचमध्ये मोजत. सासूबाईंना वाटे, सून कसलासा मंत्र म्हणतेय. त्या लांबूनच हात जोडत. वीस वर्षांत फ्रेंच वापरात आलं ते एवढंच.

१९८४ साली जळगावच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांना, मोतीलाल सरांना, झटका आला. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजच्या माहितीपत्रकात त्यांनी 'परकीय भाषा विभाग' असे शब्द वाचले, आणि आपल्याकडेही विभाग हवा असं त्यांच्या मनानं घेतलं. भाषा कुठली, याचा त्यांनी विचार केला नव्हता. जाहिरात दिली. एकच अर्ज आला. विभाग फ्रेंचचा झाला.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कुंदाबाई नव्या कोऱ्या चपला घालून, हातात खडू घेऊन वर्गात उभ्या राहिल्या. घरातल्या सगळ्या गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या होत्या: देव सासूचे, भांडी सुपडूभाऊंच्या आत्याच्या आंदणाची, रेडिओ सुपडूभाऊंचा. हा वर्ग मात्र कुंदाबाईंचा होता, संपूर्णपणे. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

वर्गात आठ मुली, आठही असोद्याच्या वरल्या गल्लीतल्या. असोद्याचे बाप म्हणायचे, कुंदा आपल्या वरल्या गल्लीची लेक आहे, तिच्याकडे पोरगी पाठवायला हरकत नाही. मुलींची कारणं वेगळी होती. एकीला हवाई सुंदरी व्हायचं होतं. दोघींना लग्न पुढे ढकलायचं होतं. मंदा भंगाळे नावाची जी सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत आगाऊ होती, तिनं खरं काय ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"बाई, अख्ख्या कॉलेजात याच खोलीतला पंखा फिरतो."

आता अडचण. फ्रेंच भाषेत लिहितात दहा अक्षरं आणि बोलतात सहा. आपल्याकडे हे खपत नाही. आपण जे लिहिलं ते वाचतो, आणि दमडीचंही सोडत नाही. 'ते बोलतात' याला फ्रेंच माणूस म्हणतो 'इल पार्ल'. लिहिताना मात्र शेवटी ई, एन, टी अशी तीन अक्षरं शेपटासारखी चिकटवतो आणि बोलताना विसरतो. मंदा उभी राहून खणखणीत वाचायची, "इल्स पार्लेंट!"

"शेवटचं बोलायचं नाही गं."

"का?"

"नाही बोलायचं."

"मंग लिहेलं कशाले?"

याचं उत्तर फ्रान्सच्या लोकांकडेही नसावं. कुंदाबाईंनी पुण्याच्या सरांचं ऐकून पाठ केलं होतं, प्रश्न विचारले नव्हते. इथे आठ शेतकऱ्यांच्या मुली हिशेब मागत होत्या.

शेवटी एके दिवशी कुंदाबाई बाजारातून केळीचा अख्खा घड घेऊन आल्या. सुपडूभाऊंनी स्कूटरवर पुढे उभा धरून आणला. लोकांना वाटलं, कॉलेजात सत्यनारायण आहे. कुंदाबाईंनी तो टेबलावर आडवा टाकला.

"हे काय?"

"घड," आठही जणी.

"आणि हे?"

"फण्या."

"घड कसा तोडतात? केळ केळ सुटं करून?"

सगळ्या हसल्या. घड फणीफणीनं सुटतो हे असोद्यात पाळण्यातल्या पोराला कळतं.

"क्रियापद तसंच. फणीफणीनं तोडायचं. नू पार-लों. किती फण्या?" त्यांनी फळ्यावर बोट ठेवलं. "नू एक. पार दुसरी. लों तिसरी. नू फी-नी-सों, आम्ही संपवतो. चार फण्या. प्रत्येक फणीला एक टाळी." मग त्यांनी घडाच्या टोकाला लोंबणारं जांभळं केळफूल वर उचललं. "आणि हे?"

"ते केळफूल, बाई. ते कापून टाकतात."

"घडाला असतं की नाही?"

"असतं. मोजत नाहीत."

"मग पार्लच्या शेवटचं ई-एन-टी म्हणजे हे केळफूल. दिसतं, लोंबतं, मोजायचं नाही."

मुलींना पटलं. त्या दिवशी टाळ्या वाजवत त्यांनी सहा क्रियापदं म्हटली आणि घडाच्या फण्या वाटून घेतल्या. शेजारच्या टायपिंगच्या वर्गानं तक्रार केली की फ्रेंचमध्ये भजन चालू असतं.

पण पुस्तक समोर आलं की सगळं मुसळ केरात. डोळ्यांना अक्षर दिसलं की जीभ ते उचलणारच. मार्च महिन्यात घड तोडता येणाऱ्या मुली एप्रिलमध्ये पुस्तक उघडून केळफुलासकट सगळं गिळत. पहिल्या वर्षी पदविका देणाऱ्या पुण्याच्या संस्थेचा परीक्षक येऊन गेला. लेखीत आठही पास, तोंडीत आठही नापास. दुसऱ्या वर्षी तेच. दुसऱ्या वर्षीच्या शेऱ्यात परीक्षकांनी लिहिलं होतं, 'विद्यार्थिनींचं फ्रेंच दुरून मराठीसारखं ऐकू येतं आणि जवळून त्याहून जास्त.'

मोतीलाल सरांनी कुंदाबाईंना बोलावलं.

"झोपेबाई, या वर्षी आठातल्या सहा तरी तोंडीत पास झाल्या पाहिजेत. नाही तर विभाग बंद. खोली टायपिंगवाल्यांना हवीय, पंखा आहे म्हणून."

"आणि माझं काय?"

"तुम्हाला काढत नाही हो. एन.सी.सी.चे गणवेश आहेत, त्यांची कोठी सांभाळा. कसर लागतेय त्यांना."

घरी येऊन कुंदाबाईंनी सुपडूभाऊंना सांगितलं. सुपडूभाऊ चहा बशीत ओतत म्हणाले, "कोठीत सावली असते पण." कुंदाबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी मराठीतही बोलणं टाकलं.

त्यात त्यांनी स्वतःच एक घोळ घातला. पुण्याहून पत्र आलं: नवे परीक्षक हर्डीकर अमुक तारखेला सकाळी येतील, मान्य असल्यास सही करावी. कुंदाबाईंनी तारीख पाहिली, वार पाहिला, कॉलेजला सुट्टी म्हणजे गडबड नाही, म्हणून खूश होऊन सही ठोकली. सुट्टी कसली, ते पाहिलं नाही. परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा मंदानं वर्गात हात वर केला.

"बाई, त्या दिवशी आखाजी आहे."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी खान्देशातली बाई कुणाचं ऐकत नाही. लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात. आमरस, सांजोऱ्या होतात. आणि असोद्याच्या या दोन गल्ल्यांत, वरल्या आणि खालल्या, मधे कोरडा नाला ठेवून बायका एकमेकींना शिव्या देतात. रागानं नाही. रीतच ती. एकीनं झोक्यावरून शिवी द्यायची, पलीकडच्या झोक्यावरून लगेच उलटी यायला हवी. एकदा दिलेली शिवी त्या आखाजीला पुन्हा चालत नाही. जिची संपली ती गल्ली हरली, आणि हरलेल्या गल्लीनं जिंकलेल्या गल्लीला सांजोऱ्या करून न्यायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या एकाच नळावर.

"त्या दिवशी कोणी येणार नाही का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"बाई," मंदा म्हणाली, "तुम्ही स्वतः आल्या असत्या का?"

त्या आल्या नसत्या. मुलगी असताना त्या वरल्या गल्लीच्या बिनीच्या शिलेदार होत्या. खालल्या गल्लीच्या भागाबाईला त्यांनी एकदा सलग तीन आखाज्या सांजोऱ्या करायला लावल्या होत्या. पण तो काळ वेगळा. लग्नानंतर सासरच्या धबडग्यात आखाजीला असोद्याला जाणं झालंच नाही.

त्यांनी पुण्याला तार केली, तारीख बदला. उलट तार आली: याच दिवशी, नाही तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी कुंदाबाई कसर झटकत असणार होत्या.

आखाजीच्या सकाळी हर्डीकर जळगाव स्टेशनवर उतरले. पन्नाशीचे, बारीक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, डोक्यावर उन्हाची टोपी. नऊ वाजता रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं.

"परीक्षा केंद्र कुठे आहे?"

कुंदाबाईंनी रात्रभर जे ठरवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. "असोद्याला ठेवलंय. ग्रामीण केंद्र. हे माझे यजमान, यांच्या मागे बसा. मी रिक्षानं येते."

हर्डीकर सुपडूभाऊंच्या स्कूटरवर बसले. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला स्कूटरप्रवास होता असं सुपडूभाऊ नंतर सांगत, कारण असोद्यापर्यंत त्यांनी सुपडूभाऊंच्या पोटाला दोन्ही हातांची मिठी मारली होती आणि डोळे मिटले होते.

वरल्या गल्लीच्या टोकाला निंब, निंबाला झोका, झोक्याशेजारी कुंदाबाईंच्या वहिनी बेबाबाईंनी टाकलेलं टेबल. टेबलावर स्वच्छ चादर, पाण्याचा तांब्या, आणि आमरसाची वाटी झाकून ठेवलेली. हर्डीकरांनी वाटीकडे पाहिलंही नाही. त्यांनी पिशवीतून पुस्तक आणि गुणपत्रिका काढली.

"पहिली विद्यार्थिनी."

हवाई सुंदरी पुढे झाली. नवं लुगडं, हाताला मेंदी. तिनं पुस्तक उघडलं आणि ई-एन-टीसकट सगळं वाचलं. हर्डीकरांनी शून्य घातलं, अगदी गोल. दुसरी आली. शून्य. तिसरी 'आम्ही संपवतो' वाचताना मधेच थांबली, कुंदाबाईंकडे पाहून टाळी वाजवायला हात उचलला, हर्डीकरांनी चष्म्यावरून पाहिलं, हात खाली गेला. शून्य.

आठातल्या तीन गेल्या. उरल्या पाच, आणि हव्या होत्या सहा. मोतीलाल सरांची बेरीज कुंदाबाईंनाही येत होती. त्या निंबाच्या बुंध्याला टेकल्या आणि त्यांच्या नाकाला डांबरगोळ्यांचा वास येऊ लागला. मंदा खुर्चीत बसली. पुस्तक उघडलं. "इल्स..."

तेवढ्यात नाल्यापलीकडून हाक आली.

"काय वं वरल्या गल्लीच्या! तोंडाले कुलूप लागलं का? का किल्ली सासूच्या केसात हारपली?"

भागाबाई. साठी उलटलेली, खालल्या गल्लीचीच लेक आणि खालल्याच गल्लीची सून, त्यामुळे तिला आखाजीला कुठे जायचं नसे आणि तिचा सराव वर्षभर चाले. झोक्यावर ती एकटी उभी होती, कासोटा खोचून.

मंदानं पुस्तक बंद केलं.

"बस खाली," कुंदाबाई कुजबुजल्या.

"बाई, उत्तर द्यायला पाहिजे."

"परीक्षा चालू आहे!"

"गल्लीची इज्जत जाते, बाई!" आणि मंदा झोक्यावर. पाठोपाठ उरलेल्या सात, नापास झालेल्यांसकट. हर्डीकर लेखणी हातात धरून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

मंदानं झोक्याला पहिला रेटा दिला आणि ओरडली, "तुमच्या वरनात डाय शोधाले भिंग लागतं वं!"

"तुमच्या भाकरी पाहून गाढव रडतं!"

"तुह्या नवऱ्याच्या मिशा उंदरानं उसन्या नेल्या!"

अशा पंधरा-वीस झाल्या. मग मंदाचा झोका हळू झाला. साठा आटला हे कुंदाबाईंना कळलं. अनुभवी कानाला कळतंच. आता हरणार. आणि मंदानं मान मागे टाकली, पोटातून आवाज काढला, आणि झोक्याच्या प्रत्येक रेट्याबरोबर एकेक फणी नाल्यापलीकडे फेकली.

"नू! फी! नी! सों!"

कुंदाबाई बुंध्यापासून सुटल्या.

"वू! फी! नी! से!" नाल्यापलीकडून भागाबाई.

"इल फी-नीस!" मंदा.

"इल पार्ल!" भागाबाई. शेपूट नाही, केळफूल नाही, ई-एन-टी कुठल्या कुठे.

"हे कधीपासून?" कुंदाबाईंनी बेबाबाईंचा दंड धरला.

"आता वर्स झालं ना वं. मांगच्या आखाजीले मंदीच्या शिव्या सरल्या, तं तिनं तुहे धडे फेकले. भागाबाई गार. इतक्या वर्सांनी सांजोऱ्या घेऊन आली. मंग वर्सभर तिनं नळावर पोरींचं पाठांतर आयकलं. भिंतीमांगून आयकायची. आता तिलेबी येतं बठ्ठं."

मंदा पुढे सरसावली होती. "एका क्रियापदाच्या सहा शिव्या निघतात बाई," ती वरूनच ओरडून म्हणाली, "म्हणून तर आम्ही शिकतो!"

हर्डीकर उभे राहिले होते. त्यांची टोपी टेबलावर पडली होती. वीस वर्षं पुण्या-मुंबईच्या वर्गांत बसून त्यांनी घाबरलेल्या मुलांचं पुटपुटणं ऐकलं होतं. त्यांनी फ्रेंच असं पोटातून, उघड्यावर, चव्वेचाळीस अंश उन्हात कधी ऐकलं नव्हतं.

"ते पलीकडचं कोण?" त्यांनी विचारलं.

"भागाबाई. दुसरी शिकलेली."

"पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला?"

"प्राथमिक शाळेत. इयत्ता दुसरी."

हर्डीकर खाली बसले. मग पुन्हा उठले. कुंदाबाईंनी ती वेळ साधली. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि बेबाबाईंच्या हातात दिलं. "घरात ठेव. पिठाच्या डब्यामागे."

"बाई, हे नियमात बसत नाही," हर्डीकर म्हणाले.

"वाचा नियम."

हर्डीकरांनी पिशवीतून छापील कागद काढला. 'परीक्षकाने प्रश्न तोंडी विचारावेत व उत्तर तोंडी घ्यावे.'

"यात पुस्तक कुठे आहे?" कुंदाबाई म्हणाल्या. "खुर्ची कुठे आहे? तोंड आहे ना? तोंडं वर आहेत. विचारा."

"या गलक्यात ऐकू कसं जाणार?"

"ओरडा की मग! पुण्याला ओरडत नाहीत का?"

हर्डीकरांनी सगळ्यांत वरचं बटण काढलं. टेबल नाल्याच्या काठाशी नेलं. घसा खाकरला. पहिल्यांदा आवाज आतच राहिला. दुसऱ्यांदा बाहेर आला तो चिरका, पण आला.

"पार-ले! बोलणे! तृतीय पुरुष, अनेकवचन!"

"इल पार्ल!" आठही मुली, झोक्यावरून, झोक्याखालून.

"आवोआर! जवळ असणे! प्रथम पुरुष, अनेकवचन!"

हे अवघड. इथे आधीच्या शब्दाच्या शेवटचा मुका स अचानक जागा होतो, 'जरा'मधला ज होऊन पुढच्या फणीला चिकटतो. पुस्तकातून हे कुणालाच जमलं नव्हतं.

"नू! ज़ा! वों!"

हर्डीकरांनी एकेकीला नावानं वर बोलावलं, एकेकीला झोका दिला आणि चार-चार क्रियापदं विचारली. नापास झालेल्या तिघींचीही परीक्षा त्यांनी पुन्हा घेतली. 'पहिला प्रयत्न प्रतिकूल आसनावर' असं गुणपत्रिकेत लिहिलं. हवाई सुंदरीला झोक्यावर गरगरलं, तिला खाली उतरवून निंबाला धरून उभं केलं. तिचं भविष्य त्यात दिसलं, पण उच्चार बरे होते.

खरी गंमत पुढे. प्रत्येक प्रश्नाला पलीकडून भागाबाईही उत्तर देत होती, वर आणखी काही जोडून. हर्डीकर ओरडले, "फी-नीर! भविष्यकाळ!" तशी तिनं झोका थांबवला.

"कोन हाय हा वाळका मानूस? मघापासून मले शिव्या दिऊ राह्यला! ए टोपीवाल्या! तुह्या कोटाले इतके बटनं, आत काय पयून जाऊ राह्यलं का?"

दोन्ही गल्ल्या हसून लोळल्या. हर्डीकर कुंदाबाईंकडे वळले. "काय करायचं?"

"उत्तर द्यायचं. रीत आहे. बोललेल्याला उलट दिली नाही तर हरलात."

"मी परीक्षक आहे."

"आखाजीला कोणी परीक्षक नसतो. आणि तुम्ही वरल्या गल्लीच्या बाजूला उभे आहात. हरलात तर सांजोऱ्या आम्हाला कराव्या लागतील."

हर्डीकरांनी क्षणभर विचार केला. त्यांच्यापाशी शिव्या नव्हत्या. घरच्या वळणात बसत नव्हत्या. पण त्यांच्यापाशी एक गोष्ट होती जी असोद्यात, आणि खरं तर फ्रान्समध्येही, आता कुणी वापरत नाही. 'असणे' या क्रियापदाचं एक जुनं, पोथीतलं रूप. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले, छाती भरली आणि नाल्यावर सोडलं.

"फ्यूस! फ्यूस! फ्यू! फ्यू-स्यों! फ्यू-स्ये! फ्यूस!"

निंबावरचे कावळे उडाले. भागाबाई झोक्याची दोरी धरून उभीच्या उभी.

"बाप्पा," ती म्हणाली, "हा मानूस हाय का नाग?"

आणि तिला पुढे सुचेना. खालली गल्ली हरली. वरल्या गल्लीनं असा गलका केला की सुपडूभाऊ, जे बेबाबाईंच्या ओट्यावर झोपले होते, ते उठून बसले आणि विचारू लागले, गाडी आली का.

तासाभरात भागाबाई परातभर सांजोऱ्या घेऊन नाला ओलांडून आली. पहिली सांजोरी तिनं हर्डीकरांच्या हातात दिली. हर्डीकरांनी ती खाल्ली, दुसरी खाल्ली, मग झाकलेली आमरसाची वाटी स्वतःहून उघडली. कोटाची सगळी बटणं तोवर सुटली होती.

"बाई, यांचं नाव गुणपत्रिकेत नाही?" त्यांनी भागाबाईकडे बोट दाखवून विचारलं.

"ती माझी विद्यार्थिनी नाही. वैरीण आहे."

"सगळ्यांत शुद्ध उच्चार यांचे आहेत."

"असणारच," कुंदाबाई म्हणाल्या. हे बोलतानाच त्यांना स्वतःला लख्ख समजलं, आणि तीन वर्षं समजलं नाही याचा रागही आला. "तिनं ते लिहिलेलं कधी पाहिलं नाही ना."

निकाल आला. आठातल्या आठ पास. पुण्याच्या शेऱ्यात होतं: 'उच्चार उत्तम. आवाज केंद्राबाहेरही ऐकू येतो. पुढील वर्षीही परीक्षा याच तिथीस ठेवावी.' मोतीलाल सरांनी शेरा तीनदा वाचला, त्यांना 'तिथीस' कळेना, पण खोली फ्रेंचकडेच राहिली. गणवेशांना कसर लागली ती लागलीच.

जूनमध्ये वर्ग उघडला तेव्हा बाकांवर एकवीस जणी होत्या. आठ जुन्याच, पुढच्या परीक्षेसाठी; तेरा खालल्या गल्लीच्या. पहिल्या बाकावर भागाबाई, मांडीवर डबा, समोर कोरी वही. मोतीलाल सर दारातून डोकावले आणि वयाची अट काय असते असं काहीसं पुटपुटले.

"त्याले सांग, मी हारायले नाही आली," भागाबाईनं मागं न बघता कुंदाबाईंना बजावलं. "नागाची शिवी शिकल्याबिगर जानार नाही मी."

"आधी साधी शीक."

"साध्या येतात मले. पुस्तक दे."

"पुस्तक दिवाळीनंतर."

"कुंदे, माहे डोये फुटले का? दे म्हनते ना."

कुंदाबाई नको नको म्हणत असताना तिनं टेबलावरचं पुस्तक ओढलंच. चष्मा लावला. पोरींकडून इंग्रजी अक्षरं ती उन्हाळ्यात गिरवून आली होती. बोटानं ओळ धरून ती पुटपुटू लागली आणि बोट एका जागी थबकलं.

"हे शेवटी तीन काय लोंबू राह्यलं?"

"केळफूल," बाकीच्या वीसही जणी म्हणाल्या.

"मंग कापत काहून नाही?" भागाबाईनं मंदाच्या हातातली पेन्सिल घेतली, जिभेला लावली, आणि संस्थेच्या पुस्तकातलं पहिलं ई-एन-टी काळं करून टाकलं. मग दुसरं. मग पान उलटलं.

कुंदाबाईंनी एक क्षण तिचा हात धरायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला, खडू उचलला आणि पंखा जरा जोरात करायला सांगितलं.